गझालच्या पायांना चार शराब

सांगतो, सांगतो! पण आधी हातातले कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता. आणि एक अट आहे. मध्येच "अरे, पण तू सरळ विचारलं का नाहीस?" असं कुणी म्हणायचं नाही. तो प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता मलाच त्याचा कंटाळा आलाय.

तर आम्ही राहतो तबूकला. सौदीच्या पार उत्तरेला. सौदी म्हटलं की नाशिकचे नातेवाईक फोनवर हमखास विचारतात, "काय रे प्रसाद, उकडत असेल ना?" अहो, कसलं उकडतंय! जानेवारीत सकाळी गाडीच्या काचेवर हिमाचा थर असतो. मी तो इकाम्याच्या कार्डाने खरवडतो. माझं इथलं राहण्याचं ओळखपत्र त्या थंडीने एका कोपऱ्यात झिजलंय, इतकी थंडी!

आमचं घर म्हणजे दुमजली व्हिला. खाली घरमालक अबू बद्र, वर आम्ही तिघं. मी, बायको मंजिरी आणि नऊ वर्षांची इरा. अबू बद्र साठीचा, गोलमटोल, दिलदार माणूस. पण मूळचा जेद्दाचा. जेद्दात थंडी ही फक्त फ्रिजमध्ये असते. त्यामुळे नोकरीसाठी इथे येऊन त्याचं अर्धं आयुष्य गेलं तरी हिवाळा आला की तो असा घाबरतो, जणू थंडी त्याला वैयक्तिक शोधत आलीय. दोन कोट, वर लोकरीचा फरवा, म्हणजे इकडचा जाड झगा, डोक्याला लाल रुमालाचे तीन वेढे. मधून फक्त नाक दिसतं.

त्याला अरबी येतं. थोडं इंग्रजी येतं, म्हणजे एका वेळी एक शब्द. मला अरबीत यल्ला, खलास, कम आणि माफी मुश्किला येतं, म्हणजे चला, संपलं, किती आणि काही अडचण नाही. एवढ्यावर आमचं छान चाललं होतं. आणि अरबीत 'प' नाही, त्यामुळे मी त्याचा 'मुहंदिस ब्रसाद'. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. नाव बिघडलं तरी हुद्दा शाबूत होता.

आणि अंगणात राहायची त्याची कुत्री. सलूकी जातीची, अरबांची शिकारी कुत्री. उंच, सडपातळ, कानांवर रेशमी झालर. नाव गझाल, म्हणजे हरीण. मंजिरी तिला सरळ 'गझल' म्हणायची. अबू बद्रचा तिच्यावर इतका जीव की त्याच्या मुलांनी तिच्याबद्दल तक्रार करणं सोडून दिलं होतं.

या गझालला थंडी सोसत नसे. अंगणात सगळी गुळगुळीत फरशी. सकाळी ती फरशी अशी गार पडायची की गझाल एक पाय उचलायची, मग तो ठेवून दुसरा, मग तिसरा. चारही पाय एकदम उचलता येत नाहीत याचं दुःख तिच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. तळव्यांना बारीक भेगा पडल्या होत्या.

जानेवारीत अबू बद्रच्या मुलीची प्रसूती जवळ आली आणि तो जेद्दाला निघाला. बायको आधीच गेली होती. गाडी सुरू, दार उघडं, सामान आत, आणि मला हाका.

"ब्रसाद! या ब्रसाद!"

मी चपला घालून खाली धावलो. त्याने गझालचं खाणं दाखवलं. डबा बाहेर होता, सोपं होतं. पाणी दाखवलं. सोपं होतं. मग तो वाकला, तिचा पुढचा पाय हातात घेतला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "बर्द! वाजिद बर्द!"

बर्द म्हणजे थंडी. वाजिद म्हणजे फार. हे मला कळलं. मी मान हलवली.

"लाझिम शराब!"

लाझिम म्हणजे पाहिजेच. ते कळलं. पुढचं… मी म्हटलं, "काय?" मराठीत म्हटलं. माणूस दचकला की मराठीतच दचकतो.

"शराब! अरबा शराब!" त्याने चार बोटं नाचवली. मग एका हाताची मूठ केली आणि दुसऱ्या हाताने त्या मुठीवरून मनगटापर्यंत काहीतरी ओढल्यासारखं केलं. एकदा, दोनदा. पुन्हा गझालच्या पायाकडे बोट. मग अंगणाच्या कोपऱ्यातल्या कुलूपबंद खोलीकडे बोट. "इनसाइड! शराब इनसाइड! ओके?"

आणि त्या खोलीची किल्ली माझ्या हातात कोंबून, माझ्या दोन्ही गालांना गाल लावून, "यल्ला, यल्ला" करत तो गेलासुद्धा!

मी अंगणात उभा. हातात किल्ली. समोर गझाल, एक पाय वर करून.

तुम्हीच विचार करा. थंडी, गझल आणि शराब. दुसऱ्या कुठल्या गावात कुणी हे तीन शब्द एका दमात म्हटले असते तर मी विचारलं असतं, मैफल कुठे आहे? पण इथे? जिथे त्या गोष्टीचा वाससुद्धा आला तर नोकरी, इकामा, घरदार सगळं एका दिवसात खलास, तिथे माझा घरमालक मला सांगून गेला होता की त्या खोलीत शराब आहे. आणि तिची किल्ली माझ्याकडे!

वर गेलो. मंजिरीने माझं तोंड बघितलं आणि गॅस बंद केला.

"काय झालं?"

"कोपऱ्यातल्या खोलीत दारू आहे."

"कोणाची?"

"आता माझ्या ताब्यात आहे."

तिने एवढंच केलं. माझ्या हातातली किल्ली फडक्यात धरून घेतली, बोटांचे ठसे नकोत म्हणून, आणि तूरडाळीच्या डब्यात तळाशी पुरली.

मग आम्ही दोघं बसलो अर्थ लावत. अबू बद्र पाचही वेळा नमाज पढणारा माणूस. तो दारू ठेवेल? शक्यच नाही. पण मग शराब म्हणाला ते काय? माझ्या ऐकण्यात चूक? मी इराला हाक मारली. तिला शाळेत अरबी आहे.

"इरा, शराब म्हणजे काय गं?"

"बाबा, दॅट्स सो ईझी! शराब मीन्स ड्रिंक. इट्स इन माय बुक."

घ्या! पाठ्यपुस्तकानेच शिक्कामोर्तब केलं. फोनवर भाषांतर करून पाहिलं, तिथेही 'पेय'. ऑफिसात अरबी बोलणारे ढिगाने आहेत हो, पण विचारू काय? "माझ्याकडे घरमालकाची शराब आहे, तिचं काय करतात?" असं विचारायचं कँटीनमध्ये?

तेवढ्यात मंजिरीला काहीतरी आठवलं. "अहो, आमची इगतपुरीची आत्या! ती आम्हाला थंडीत तळपायांना ब्रँडी चोळायची. पायातली थंडी पळते म्हणायची."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती मूठ! तो मुठीवरून फिरणारा हात! चोळायला सांगत होता तो! चार शराब म्हणजे चार पायांना चार वेळा! सगळं जुळलं. इतकं सुंदर जुळलं की मला माझ्याच बुद्धीचं कौतुक वाटलं. फक्त 'इनसाइड' कुठे बसवावं ते कळेना. चोळायची की पोटात द्यायची?

मी पार पूर्वेकडच्या खोबर शहरातल्या सपकाळला फोन लावला. सपकाळ म्हणजे तेलाच्या कामात सौदीत केस पांढरे केलेला माणूस. त्याला सगळं माहीत असतं, किंवा तसं त्याला वाटतं. त्याने ऐकून घेतलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"प्रसाद, खोली उघडू नकोस."

"नाही उघडत."

"तिच्याकडे बघूसुद्धा नकोस."

"अरे, ती अंगणातच आहे!"

"मग डोळे मिटून ये-जा कर. आणि हे बघ, यापुढे या विषयावर मला फोन करू नकोस." फोन बंद! याला म्हणतात मित्र!

दुसऱ्या दिवशी थंडी आणखी वाढली. आणि अबू बद्रचे आवाजी निरोप सुरू झाले. मागे दवाखान्यातला गलका, त्यात त्याचं भरभर अरबी. मला दोनच शब्द कळायचे. "गझाल… शराब? शराब?" मी फोन करावा तर तो उचलायचा नाही. पुन्हा निरोप. "ब्रसाद, सूरा! सूरा!"

मी मंजिरीकडे बघितलं. "बघ! मला शराब कळली नाही म्हणून आता संस्कृतात सांगतोय. सुरा!"

"बाबा," इरा दप्तर भरता भरता म्हणाली, "सूरा मीन्स पिक्चर. ही वॉन्ट्स अ फोटो."

फोटो! म्हणजे मी त्या कुत्रीला शराब लावतानाचा फोटो काढून, माझ्या फोनवरून, माझ्या नावाच्या सिमवरून पाठवायचा! पुरावा स्वतःच्या हाताने तयार करायचा! मला घाम फुटला. बाहेर हिम पडेल अशी थंडी आणि मी बनियनवर! सगळे निरोप पुसून टाकले. उत्तर द्यायचं तर काय, म्हणून नुसता अंगठा पाठवला. आता तुम्ही म्हणाल, अंगठा कशाला पाठवलास? अहो, मी लग्नाच्या निमंत्रणाला, ऑफिसच्या सूचनेला आणि दुःखाच्या बातमीलासुद्धा अंगठाच पाठवतो. सवय!

पण खाली ती गझाल. तिचा काय दोष? सकाळी ऑफिसला निघालो की ती एक पाय उचलून माझ्याकडे बघायची. ते डोळे असे होते की वाटायचं, ही सगळं समजून आहे. हिला माहीत आहे की हिचं औषध खोलीत आहे, आणि किल्ली आमच्या डाळीत आहे.

मंजिरीला राहवेना. "काहीतरी करा हो. मुकं जनावर आहे. ब्रँडी नाही तर नाही, दुसरं काहीतरी लावा."

म्हणून मी औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवर एक सीरियन फार्मासिस्ट होता, चांगला गोरागोमटा, हसतमुख. मी आजूबाजूला बघितलं. दुकानात एक बाई होत्या, त्या जाईपर्यंत मी टूथब्रश बघत राहिलो. सगळे रंग पाहून झाले. मग हळूच म्हणालो, "बर्द… थंडी… कोल्ड…"

"यस, कोल्ड."

"शराब," मी ओठ न हलवता म्हणालो.

"शराब? ओके!" तो मोठ्याने म्हणाला! मला वाटलं, आता मागून पोलीस निघणार. पण त्याने शांतपणे फळीवरून एक बाटली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "शराब. हनी. व्हेरी गुड."

बाटलीवर मधमाशीचं चित्र. खाली अरबी अक्षरं. त्याने त्यावर बोट ठेवून वाचून दाखवलं, "श-रा-ब." सिरप! खोकल्याचं, मधाचं, वनस्पतींचं सिरप! अरबीत सिरपला शराब म्हणतात!

मला इतका आनंद झाला की मी काउंटरवरून त्याचा हात हातात घेतला. म्हणजे खोलीत दारू नव्हती! औषध होतं! अबू बद्र निर्दोष, मी निर्दोष, तूरडाळ निर्दोष!

"फॉर चाइल्ड?" त्याने विचारलं.

"नो. डॉग."

"डॉग हॅज कफ?"

"नो. फूट."

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. "फूट… हॅज कफ?"

मी त्याला मूठ आणि हात करून दाखवलं, चोळतात तसं. तो बराच वेळ माझ्या मुठीकडे बघत राहिला. मग त्याने बाटली पिशवीत घातली आणि पिशवी माझ्याकडे हळूच सरकवली, वेड्याला सुरी देताना सरकवतात तशी.

तुम्ही म्हणाल, बाबा रे, औषध जर खोलीत आहे हे कळलं, तर डाळीतून किल्ली काढून खोली का नाही उघडलीस? बरोबर आहे. पण आता बाटली हातात होती ना! आणि खरं सांगतो, मनात थोडी धाकधूक होतीच. समजा सपकाळ बरोबर असला तर?

संध्याकाळी अंगणात दिवा लावून आम्ही कामाला लागलो. मंजिरीने गझालला धरलं, इराने वाटी धरली आणि मी एकेका पायाला मधाचं सिरप चोळलं. बोटांच्या बेचक्यांत, तळव्यांना, वर घोट्यापर्यंत. चारही पायांना, अरबा! गझालला ते भलतंच आवडलं. मी पुढचे पाय चोळून मागच्यांकडे वळलो की ती पुढचे चाटून साफ करायची. मी पुन्हा पुढे आलो की ती मागे. बाटली अर्धी झाली. शेवटी 'इनसाइड' आणि 'आउटसाइड' दोन्ही साधलं असं समजून आम्ही थांबलो.

मग मी तिचा फोटो काढला. शेजारी बाटली उभी केली, अक्षरं दिसतील अशी. बघा म्हणावं, ब्रसादने काम केलं! फोटो अबू बद्रला पाठवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा शांत झोपलो.

सकाळी इरा गच्चीतून ओरडली, "बाबा! गझल लुक्स लाइक अ कोंबडी!"

खाली जाऊन बघतो तो काय! रात्री वारा सुटला होता. चिकट पायांनी गझाल अंगणभर फिरली होती. पायांना वाळू चिकटली होती. वाळूवर खजुराच्या झाडाचा काथ्या. काथ्यावर कबुतरांची पिसं. त्यावर मंजिरीच्या दोरीवरून उडालेला एक टिश्यूचा तुकडा. चारही पाय असे फुगले होते की प्रत्येक पावलाला आधी फरशीचा 'चिक्' असा आवाज, मग पाऊल. ती एक पाय उचलून बघायची आणि पुन्हा खाली ठेवायची. काल निदान थंडीने उचलत होती, आज ओळख पटत नव्हती म्हणून!

मी फोन काढला. अबू बद्रचे अकरा निरोप! सगळ्यांत एकच आवाज, रडवेला, घाबरलेला. "गझाल मरीद? गझाल मरीद?" मरीद म्हणजे आजारी, हे मला इस्पितळाच्या पाट्यांमुळे माहीत होतं. औषधाची बाटली बघून बिचाऱ्याला वाटलं, आपली कुत्री मरायला टेकली!

मी घाईघाईने उत्तर लिहायला घेतलं, आणि फाटकावर थाप पडली. धाड धाड!

उघडलं. समोर पोलीस.

गणवेश, टोपी, कमरेला वायरलेस. सहा फूट उंच. मागे रस्त्यावर दिवे फिरणारी गाडी. मला पायाखालची फरशी दिसेनाशी झाली.

"मुहंदिस ब्रसाद?"

नावासकट आले होते!

"यस सर."

त्याने हात पुढे केला. "मिफ्ताह." किल्ली! मग त्या कोपऱ्यातल्या खोलीकडे बोट. "शराब!"

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? मला वाटत होतं तसंच झालं होतं! खोलीत होतीच! बाहेर बातमी फुटली होती! फार्मासिस्टने कळवलं असणार, किंवा सपकाळने! मी दोन्ही हात वर केले आणि जे तोंडात येईल ते बोलत सुटलो.

"सर, नो शराब! मी शराब नो! नेव्हर! माय फादर नो, माय ग्रँडफादर नो! सर, आय अॅम व्हेजिटेरियन!"

तो बघतच राहिला. "नो शराब?"

"नो, सर!"

"लेश?" म्हणजे का? तो खरंच चक्रावला होता. "इट इज कोल्ड! व्हाय नो शराब?"

पोलीस मला विचारत होता, थंडी आहे तरी शराब का नाही! माझ्या डोक्यातली उरलीसुरली तार तुटली. वरून मंजिरी पायऱ्या उतरत आली, हातात अख्खा तूरडाळीचा डबा. तिने तो त्याच्यासमोर फरशीवर उपडा केला आणि म्हणाली, "ये लो चाबी. हमने हाथ भी नहीं लगाया. मेरे हसबंड बहुत सीधे हैं. थोडे कम अकल हैं, लेकिन सीधे हैं."

डाळीच्या ढिगातून त्याने किल्ली उचलली. एकदा डाळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग जाऊन कुलूप उघडलं. मी डोळे मिटले. मनात नाशिकचं घर, आई, बंद पडलेला पगार, सगळं येऊन गेलं. इराने माझं बोट घट्ट धरलं होतं.

"हाज़ा शराब!" तो म्हणाला. म्हणजे, ही बघ शराब!

मी एक डोळा उघडला.

त्याच्या हातात चार मोजे होते. छोटे, लाल लोकरीचे, खाली रबरी ठिपके आणि वर बांधायला नाड्या. कुत्र्याचे मोजे.

"शराब," तो पुन्हा म्हणाला. मी नुसताच बघतोय म्हटल्यावर त्याने एक पाय पायरीवर ठेवला, गणवेशाची पँट वर केली आणि स्वतःच्या काळ्या मोज्याला दोन बोटांत धरून ताणलं. "शराब! सॉक्स! सॉक्स!"

अहो, मोजे! इकडच्या बोलीत मोज्यांना शराब म्हणतात! मुठीवरून मनगटापर्यंत हात ओढला तो मोजा चढवून दाखवला! अरबा शराब म्हणजे चार पायांचे चार मोजे! इनसाइड म्हणजे आत खोलीत, खुंटीवर! त्या माणसाने याहून सोपं काय सांगायचं राहिलं होतं?

"यू नो पोलीस? मी अटक नो?" मी विचारलं.

"अटक?" तो म्हणाला, "आय अॅम सालेम. ब्रदर ऑफ वाइफ, अबू बद्र." मेहुणा होता! ड्यूटीवरून जाता जाता बहिणीच्या नवऱ्याने पिटाळलं होतं, जा, कुत्री बघ, मोजे घाल!

मग त्याने मोजे घालायला गझालचा पाय उचलला. पायाला चिकटलेला हात सुटेना. त्याने वास घेतला. पिसं बघितली. भिंतीजवळची बाटली बघितली. आणि हळूहळू, अगदी हळूहळू, त्याच्या डोक्यात सगळं जुळत गेलेलं मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो पायरीवर बसला. टोपी काढली. आणि असा हसला, असा हसला की गाडीतला दुसरा पोलीस धावत आला. याने त्याला सांगितलं. मग तोही बसला.

मंजिरीने गरम पाणी आणलं. मी आणि सौदी पोलीस, दोघांनी मिळून अंगणात उकिडवं बसून त्या कुत्रीचे चारही पाय धुतले. वाळू निघाली, पिसं निघाली. सालेमने बोटांच्या मधली जागा रुमालाने कोरडी केली, भेगांना व्हॅसलीन लावलं आणि वर मोजे चढवले. गझाल पहिल्यांदा पुतळ्यासारखी थिजली. हलेचना! मग एक पाय उंच झटकला, मग दुसरा, आणि मग कवायत करत अंगणाला तीन फेऱ्या मारून आली. फरशी गार लागत नव्हती, हे तिला कळलं. मला वाटतं, तेव्हाच तिला हेही कळलं की वरच्या मजल्यावर कसली माणसं राहतात. मंजिरीने दोघांना चहा दिला. आलं घालून. त्यांनी दोनदा मागून घेतला. डाळ मात्र तीन वेळा पाखडावी लागली.

अबू बद्र नातू झाल्याचे पेढे, म्हणजे खजूर, घेऊन परतला. तोवर ही कथा त्याच्या सगळ्या बैठकीत पोचली होती. गल्लीतली म्हातारी माणसं मला बघितलं की पायावरचा झगा थोडा उचलून स्वतःचे मोजे दाखवतात आणि गंभीरपणे म्हणतात, "मुहंदिस, शराब?" मी हात जोडतो.

आमच्या घरातही तेव्हापासून मोज्यांना शराबच म्हणायला लागले. आधी चेष्टेने, मग सवयीने. "इरा, शाळेची शराब धुवायला टाक." "मंजिरी, माझी एक शराब सापडत नाहीये." इतकं अंगवळणी पडलं की त्यात काही वेगळं आहे हेच विसरलो.

आणि त्याच हिवाळ्याच्या शेवटी मेव्हण्याच्या साखरपुड्यासाठी आम्ही नाशिकला गेलो. सासुरवाडीला. सासरे माळकरी, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. त्यात घर पाहुण्यांनी भरलेलं, नव्या मुलीकडची माणसं दिवाणखान्यात बसलेली, सकाळचे पोहे चाललेले. थंडी मी म्हणत होती. मी आंघोळ करून बाहेर आलो, फरशीवर पाय ठेवला, आणि एकदम कळवळून आतल्या खोलीकडे ओरडलो,

"मंजिरी! अगं, शराब कुठे ठेवलीस माझी? सहन होत नाहीये आता! कालची असली तरी चालेल, पण दे लवकर!"

पोह्यांचे चमचे जागच्या जागी थांबले. कुणी कुणाकडे बघेना. मुलीच्या वडिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी सगळ्यांकडे बघितलं आणि मला उमगलं, मी काय बोललो ते. सारवासारव करायला पुढे धावलो.

"नाही, नाही! गैरसमज नको! बाबा, अहो, मी पायात घालायची शराब म्हणतोय!"

सासऱ्यांनी बशी खाली ठेवली. मुलीकडच्यांकडे एक ओशाळं हसू टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"जावईबापू, कुठेही घातली तरी ती शेवटी पायातच उतरते."